स्क्रम मास्टर आणि अ‍ॅजाइल कोच : टँकर कुणाचा, पाणलोट कुणाचा?

चिकलठाण्याच्या एका कंपनीत यंत्रांच्या कंट्रोलरचं सॉफ्टवेअर लिहिणारी आठ जणांची टीम आहे. काम काही आठवड्यांच्या छोट्या टप्प्यांत (स्प्रिंटमध्ये) करायच्या स्क्रम या पद्धतीनं ती चालते, आणि अशा पद्धतींना मिळून अ‍ॅजाइल म्हणतात. टीमला ही पद्धत नीट चालवायला मदत करणाऱ्या माणसानं, म्हणजे तिच्या स्क्रम मास्टरनं, विचारलंय : ‘तीन वर्षं हे काम करतोय. आता कंपनीत अ‍ॅजाइल कोचची जागा निघाली आहे. आमचे साहेब म्हणतात, तू करतोस तेच काम, फक्त तीन टीमसाठी. एचआर म्हणतं, ही बढती आहे. पुण्यातला मित्र म्हणतो, कोच म्हणजे काहीच न करता पगार घेणारा माणूस. मी अर्ज करू का? आणि मीटिंग चालवणं, टीमचे अडथळे काढणं आणि कोचिंग यांत नेमका फरक काय?’

तिघांच्याही म्हणण्यात थोडं थोडं तथ्य आहे आणि तिघांपैकी कुणाचंही ऐकून अर्ज केलात तर फसाल.

आधी ‘कोच’ या शब्दाचं बघू, कारण आपल्याकडं निम्मा घोळ तिथंच होतो. मराठवाड्यात कोचिंग म्हटलं की लातूर आठवतं. दहावी झाली की लेकरू खोली करून राहतं, पहाटेपासून क्लास, नोट्स, टेस्ट सिरीज, गुण. लातूर पॅटर्ननं किती घरांतून पहिला डॉक्टर बाहेर काढला ते आपण पाहिलंय, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण त्या कोचिंगमध्ये उत्तर सरांकडं असतं आणि पोरानं ते कमी वेळात बिनचूक उतरवायचं असतं. अ‍ॅजाइल कोचकडं तुमच्या टीमचं उत्तर नसतं. असल्याचा आव आणला तर समजा की तो सल्लागार आहे, कोच नाही. शेंद्र्याच्या एका कारखान्यात कोच म्हणून घेतलेल्या माझ्या पहिल्या बैठकीला सगळे नव्या वह्या घेऊन आले होते, दोघांनी तर समासही आखले होते. तासाभरानं मागून एक जण म्हणाला, ‘‘सर, तुम्ही नुसतं विचारायलाच लागले. सांगनार कवा?’’ त्या प्रश्नावर मी हसलो, पण खरं तर तो त्या दिवसाचा सर्वांत नेमका प्रश्न होता.

आता कागदावर काय आहे ते. केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांनी 1995 साली स्क्रम जाहीरपणे मांडलं आणि 2010 साली त्याची ‘स्क्रम गाइड’ काढली. आज चालते ती नोव्हेंबर 2020 ची आवृत्ती, जेमतेम तेरा पानांची. त्यात ‘अ‍ॅजाइल कोच’ हा शब्द कुठंही नाही. स्क्रम मास्टर आहे, आणि त्याच्यावर टीमच्या परिणामकारकतेची जबाबदारी आहे. तो तिघांची सेवा करतो असं तिथं म्हटलंय : टीमची, प्रॉडक्ट ओनरची (म्हणजे काय बनवायचं आणि आधी काय, हे ठरवणाऱ्याची) आणि संपूर्ण संस्थेची. संस्थेला स्क्रम अंगवळणी पाडायला शिकवणं, कोचिंग करणं हेही त्याच्याच नावावर लिहिलंय. म्हणजे ग्रंथप्रामाण्य मानायचं तर कोचचं निम्मं काम स्क्रम मास्टरचंच आहे आणि तुमचे साहेब बरोबर आहेत.

‘कोच’ हा शब्द आला दुसऱ्या वाटेनं. नव्वदच्या दशकात अमेरिकेत क्रायस्लर कंपनीच्या पगारपत्रकाच्या प्रकल्पावर केंट बेक यांनी एक्स्ट्रीम प्रोग्रामिंग ही पद्धत घडवली. तिथला कोच टीमच्या शेजारी बसायचा, टेस्ट कशी लिहायची ते स्वतः लिहून दाखवायचा. आजचे कित्येक कोच कोडचं तोंडही बघत नाहीत, त्यांनी हा इतिहास जरूर आठवावा. आणि 2001 च्या फेब्रुवारीत युटामधल्या स्नोबर्डला सतरा जणांनी बसून जो अ‍ॅजाइल जाहीरनामा लिहिला, त्याच्या चार मूल्यांत आणि बारा तत्त्वांत यातलं एकही पद नाही.

मग या दोन वेगळ्या खुर्च्या झाल्या कशा? माझी समजूत अशी. मोठ्या कंपन्यांनी एकदम वीस-वीस, पन्नास-पन्नास टीम स्क्रमवर आणल्या. स्क्रम मास्टर म्हणून कालचा प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर बसवला. त्याच्या हाती कॅलेंडर, ‘जिरा’ हे कामांच्या नोंदीचं सॉफ्टवेअर आणि बैठकांचे मिनिट्स आले. संस्थेशी बोलायचा अधिकार त्याला कुणी दिलाच नाही, प्लँट हेडच्या केबिनमध्ये तो फक्त सही घ्यायला जायचा. तीन सेवांपैकी बाहेरची सेवा अशी गळून पडली. ती उचलायला नवा माणूस आणला, बहुतेक वेळा बाहेरून, आणि त्याला नाव दिलं अ‍ॅजाइल कोच. म्हणून ‘फरक काय?’ या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात मिळत नाही, ते तुमच्या कंपनीत स्क्रम मास्टरचे हात किती लांब ठेवलेत यावर ठरतं.

कामाचे प्रकार मात्र खरंच वेगळे आहेत आणि ते ओळखता आले पाहिजेत. लिसा अ‍ॅडकिन्स आणि मायकेल स्पेड यांनी 2011 च्या सुमारास एक चौकट मांडली, तिच्यात शिकवणं, मेंटॉरिंग, फॅसिलिटेशन आणि कोचिंग ही चार अंगं वेगवेगळी दाखवली आहेत. एक उदाहरण घेतो. टीममधली टेस्टर म्हणाली, ‘‘सर, हे काम एका स्प्रिंटमध्ये मावत नाही.’’ तुम्ही बोर्डापाशी गेलात आणि मोठी स्टोरी, म्हणजे कामाचा मोठा तुकडा, कशी चिरायची याच्या चार रीती दाखवल्यात, तर ते शिकवणं. ‘आमच्या जुन्या टीममध्ये असंच होतं, आम्ही आधी फक्त एका सेन्सरचं काम उचललं होतं’ असं सांगितलंत, तर ते मेंटॉरिंग. आठही जणांना बसवून, कोण किती बोलतंय यावर नजर ठेवून, ‘काय मावतं आणि काय नाही’ हे त्यांच्याकडूनच ठरवून घेतलंत, तर ते फॅसिलिटेशन. आणि तिला बाजूला घेऊन विचारलंत, ‘‘मावत नाही हे प्लॅनिंगच्या दिवशी तुला माहीत होतं. तेव्हा बोलायला काय आडवं आलं?’’, आणि मग गप्प बसलात, तर ते कोचिंग. वाक्य तिचं एकच, पण तुमची कामं चार. चांगला स्क्रम मास्टर आठवड्यात चारही करतो. चांगला कोचही करतो. म्हणून ‘स्क्रम मास्टर फॅसिलिटेट करतो आणि कोच कोचिंग करतो’ ही जी वाटणी प्रेझेंटेशनमध्ये दोन रकान्यांत दाखवतात, ती मला पटत नाही.

फॅसिलिटेशनवर जरा रेंगाळतो, कारण त्याला लोक फार हलकं समजतात. वाळूजच्या जुन्या माणसांना हा शब्द अ‍ॅजाइलच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. जपानात 1962 साली सुरू झालेली क्वालिटी सर्कल्स ऐंशीच्या दशकात भारतात आली. प्रत्येक सर्कलला लीडर असायचा आणि चार-सहा सर्कल्सना मिळून एक फॅसिलिटेटर. मी नव्वदच्या दशकाच्या शेवटी डिप्लोमा करून वाळूजला लागलो तेव्हा दोन वर्षांत माझ्या गळ्यात तीच माळ पडली. काम काय, तर दर शनिवारी प्रेस शॉपच्या सहा ऑपरेटरांना एका टेबलाभोवती बोलतं करणं. ते बोलायचेच नाहीत. सुपरवायझर बोलायचा, ते माना डोलवायचे. चहाला बाहेर आलो की तेच ऑपरेटर डायच्या बारा खोडी सांगायचे. मग मी टेबलावर कोऱ्या चिठ्ठ्या ठेवायला लागलो : आधी पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही, लिहायचं. वाचताना सर्वांत नव्या पोरापासून सुरुवात, सुपरवायझर सर्वांत शेवटी. हे मी कुठल्या कोर्समध्ये शिकलो नव्हतो, पण आजही रेट्रोस्पेक्टिव्हमध्ये (स्प्रिंट संपल्यावर काय सुधारायचं ते बघायच्या बैठकीत, थोडक्यात रेट्रोत) माझं पहिलं हत्यार हेच असतं. आपल्याकडं मोठ्या माणसाचं वाक्य पडलं की धाकट्याचं वाक्य घशातच राहतं. त्यात एकीकडून ‘सर’ आणि दुसरीकडून ‘अरे’, म्हणजे चर्चा सुरू व्हायच्या आधीच मतांचं वजन ठरलेलं. ‘सर’ म्हणू नका असं सांगून उपयोग होत नाही, लोक ओशाळतात. क्रम बदला, ते पुरतं.

डेली स्क्रमचंही तेच. पंधरा मिनिटांची ती बैठक डेव्हलपरांची आहे, त्यांनी दिवसाची आखणी करायची आहे. प्रत्यक्षात सगळे स्क्रम मास्टरकडं तोंड करून हजेरी देतात. बीडकडचा एक पोरगा होता, फार प्रामाणिक. रोज एकच वाक्य : ‘‘सर, मपलं झालं. तुपलं काय म्हनून शेजारच्याला विचारा.’’ त्याला मी सहज म्हणालो, ‘‘तूच विचार की शेजारच्याला.’’ आणि दुसऱ्या दिवसापासून मी घोळक्याच्या मागं, खांबाला टेकून उभा राहायला लागलो. नजर भेटायला साहेब नाही म्हटल्यावर तिसऱ्या दिवशी ते एकमेकांशी बोलायला लागले. ‘काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय’ हे तीन प्रश्न 2020 च्या गाइडमधून काढून टाकलेत, हे अजून निम्म्या टीमना माहीत नाही. ते घोकणं बंद करा.

फॅसिलिटेटरची खरी परीक्षा होते ती त्याला उत्तर माहीत असतं तेव्हा. चर्चेच्या विषयात त्यानं पक्ष घ्यायचा नसतो. पण तुम्ही स्वतः पूर्वी फर्मवेअर लिहिलेलं असेल आणि टीम चुकीच्या वाटेनं निघाली असेल, तर जीव राहत नाही. अशा वेळी मी मार्कर खाली ठेवतो, बोर्डासमोरून निघून टीमच्या ओळीतल्या रिकाम्या खुर्चीत बसतो आणि मगच मत देतो. बोलून झालं की परत बोर्डापाशी. बघणाऱ्याला नाटक वाटेल, पण उभ्या माणसाचं मत आदेश होतं आणि बसलेल्याचं मत मत राहतं.

आता अडथळे काढण्याचं काम. इथं आपल्याला पाण्याचं उदाहरण जितकं पटेल तितकं दुसरं पटणार नाही. मार्च-एप्रिलमध्ये गावात टँकर येतो, लोक त्याची वाट बघतात, टँकरवाला देवासारखा वाटतो. आणि जोवर टँकर येतो तोवर ओढ्यावरच्या बांधाकडं कुणी बघत नाही. बरेच स्क्रम मास्टर टीमचे टँकर झालेले असतात. लायसन्स संपलं, पळा. व्हीपीएन बंद, फोन लावा. प्रॉडक्ट ओनर मीटिंगला आला नाही, गाडी घेऊन प्लँटवर जा. दिवस भरतो, सगळे आभार मानतात, अप्रेझलला ‘अत्यंत सहकार्यशील’ असा शेरा मिळतो. पुढच्या स्प्रिंटला तेच लायसन्स पुन्हा संपतं.

तहानलेल्याला पाणलोटावर भाषण देऊ नये हेही तितकंच खरं. आधी हंडा भरायचा. पण जालन्याजवळच्या कडवंचीसारख्या गावानं माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाचं काम केलं, शेततळी केली आणि कोरडवाहू शिवारात द्राक्षं उभी केली, ती टँकरची फेरी वाढवून नव्हे. तिथं गरज वेगळ्या कामाची होती आणि ते काम एका वावरात होत नाही. वरच्याच्या शेतात बांध घालावा लागतो तेव्हा खालच्याच्या विहिरीला पाणी लागतं. टीमची शीव ओलांडून वर चढायचं, ज्याच्या शेतात बांध घालायचाय त्याला राजी करायचं, हे काम करणारा माणूस म्हणजे कोच, मग त्याच्या व्हिजिटिंग कार्डावर काहीही छापलेलं असो.

तुमच्या टीमसारखीच एक गोष्ट सांगतो, माझ्या वहीतली. तीन टीम, कंट्रोलर तपासायचा टेस्ट जिग एकच. एका टीमच्या रेट्रोत सलग सहा वेळा तीच चिठ्ठी : ‘जिग मिळत नाही’. त्यांच्या स्क्रम मास्टरनं, चांगली चुणचुणीत मुलगी होती, बाकीच्या दोन टीमशी बोलून वार ठरवून घेतले. सोमवार-गुरुवार आमचा, मंगळवार-शुक्रवार तुमचा. दोन स्प्रिंट बरे गेले. मग कुणाचं तरी तातडीचं काम निघालं आणि वेळापत्रक कोलमडलं. तिनं काही चूक केली नव्हती. टीमच्या पातळीवर जे करता येतं ते तिनं केलं होतं.

मी कोच म्हणून गेलो तेव्हा जिगपाशी न जाता आकड्यांपाशी गेलो. तो जिग आठवड्याच्या नव्वद-पंच्याण्णव टक्के वेळ चालू असायचा आणि लॅबचे मॅनेजर ते अभिमानानं सांगायचे, कारण त्यांच्या केआरएमध्ये, म्हणजे कामाच्या मूल्यमापनाच्या तक्त्यात, ‘उपकरणांचा वापर’ असा रकाना होता. जिग रिकामा दिसला की त्यांचे गुण कमी. आता रांगेचं साधं गणित आहे. यंत्र एकच, कामं अनियमित येतात आणि प्रत्येक कामाला लागणारा वेळही कमी-जास्त, असं असेल तर सरासरी किती थांबावं लागेल? यंत्र 80 टक्के गुंतलेलं असेल तर एका कामाच्या वेळेच्या चौपट. 90 टक्क्यांना नऊपट. 95 टक्क्यांना एकोणीसपट. म्हणजे तासाभराच्या टेस्टसाठी दोन दिवसांहून जास्त कामाचे तास. हे मी लॅबच्या मॅनेजरांना सूत्रानं सांगितलं तेव्हा त्यांनी नम्रपणे मान हलवली. मग साखर कारखान्याच्या गव्हाणीची आठवण काढली. गव्हाण एक मिनिट रिकामी राहू नये म्हणून बाहेर बैलगाड्या आणि ट्रॅक्टरची रांग लावून ठेवतात. गव्हाण खूश असते, आणि रांगेत ऊस वाळून त्याचं वजन घटतं ते शेतकऱ्याच्या खात्यातून. मॅनेजर स्वतः अंबाजोगाईकडचे, घरचा ऊस होता. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘‘म्हणजे पोरांचा ऊस वाळतोय.’’

तरीही केआरए बदलायला पाच महिने लागले, कारण तो रकाना त्यांच्या हातात नव्हता. प्लँट हेड, मग फायनान्स, मग पुन्हा प्लँट हेड. त्या काळात मी टीमच्या एकाही डेलीला गेलो नाही. तुमच्या पुण्याच्या मित्रानं मला त्या पाच महिन्यांत पाहिलं असतं तर तो हेच म्हणाला असता की हा माणूस केबिनमध्ये चहा पितो आणि पगार घेतो. शेवटी दुसरा जिग आला आणि ‘वापर’ ऐवजी ‘किती वेळ थांबावं लागलं’ असा रकाना आला. श्रेय लॅबला मिळालं. मिळायलाच हवं होतं.

यावरून एचआरच्या ‘बढती’बद्दल बोलतो. त्या मुलीचं काम सोपं आणि माझं अवघड, असं नव्हतं. तिला आठ जणांचा रोजचा स्वभाव, कुणाच्या घरी आजारपण आहे, कोण नोकरी बदलायच्या विचारात आहे, हे सगळं ठाऊक होतं. मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं आणि मला त्यांची नावंही नीट लागायला महिना गेला. माझ्याकडं दोनच गोष्टी होत्या : वरच्या मजल्यावर बोलायची मुभा, आणि मी उद्या निघून जाणार आहे हे सगळ्यांना माहीत असणं. जाणारा माणूस असं काही बोलू शकतो जे राहणाऱ्याला परवडत नाही. स्क्रम मास्टर राहतो. त्याला त्याच लोकांबरोबर पुढच्या दिवाळीला फराळ करायचा असतो. त्याची ताकद त्या राहण्यातच आहे. दोन्ही ताकदी एका माणसात क्वचित असतात, आणि एकीतून दुसरी आपोआप उगवत नाही. उत्तम स्क्रम मास्टरला कोच करून दोन्ही जागा वाया घालवल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत.

माझी स्वतःची फजितीही सांगतो, म्हणजे मी फार शहाणा होतो असं वाटायला नको. एका कंपनीत मला बोलावलं ते एका वरिष्ठ साहेबांनी. काम काय, किती दिवस, कुणाशी बोललेलं कुणापर्यंत जाणार, काहीच ठरवलं नाही. ‘या, टीमला अ‍ॅजाइल करा’ एवढंच. दुसऱ्या महिन्यात जेवताना त्यांनी सहज विचारलं, ‘‘टीममध्ये कोण जरा कमी पडतंय?’’ मीही सहज एक नाव घेतलं, त्याला मदतीची गरज आहे अशा अर्थानं. पंधरा दिवसांनी त्या मुलाची दुसऱ्या विभागात बदली झाली. पुढच्या रेट्रोला सगळ्यांनी लिहिलेल्या चिठ्ठ्यांवर एकच मजकूर होता : ‘सर्व ठीक आहे’. त्या टीमसोबत मला नंतर काहीही करता आलं नाही. दोष साहेबांचा नव्हता, त्यांनी साहेबासारखा प्रश्न विचारला. कामाच्या आधी करायचा ठराव मी केला नव्हता.

तेव्हापासून मी कोच म्हणून पाऊल ठेवण्याआधी कागदावर चार ओळी लिहून घेतो. कुणी बोलावलंय आणि त्याला काय बदललेलं बघायचंय. टीममधलं बोलणं टीममध्येच राहील, माणसांबद्दलचं मत मी कुणालाही देणार नाही. साहेबांच्या स्वतःच्या वागण्याबद्दल मी त्यांच्याशी बोलणार आहे, याला त्यांची तयारी आहे का. आणि मी कुठल्या महिन्यात निघणार. शेवटच्या ओळीला लोक अडखळतात. ‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण आपण कृतघ्नपणासाठी वापरतो. कोचच्या करारात मात्र ती पहिलं कलम म्हणून घालायला हरकत नाही.

एक बारीक गोष्ट, पण मराठीत काम करणाऱ्यांना उपयोगी पडेल. इंग्रजी पुस्तकांतून उचललेले कोचिंगचे प्रश्न तसेच मराठीत विचारले तर कानाला उलटतपासणीसारखे लागतात. ‘का?’ हा शब्द विशेषतः. ‘का केलं नाहीस?’ हे वाक्य आपण सगळ्यांनी शाळेत छडीच्या आधी ऐकलेलं आहे. मी ‘का’ जवळजवळ सोडून दिलाय. ‘काय झालं म्हणून थांबलं?’, ‘काय असतं तर जमलं असतं?’, ‘तुझ्या मनात आधी काय आलं होतं?’ असे प्रश्न चालतात. दुसरं म्हणजे परवानगी. ‘‘मी काही सुचवू का, का आधी तुझं ऐकून घेऊ?’’ एवढं विचारलं तरी समोरचा मोकळा होतो. आणि प्रश्न विचारल्यावर गप्प बसायला शिका. आपण गप्पिष्ट माणसं, शांतता पडली की भरून काढतो. मनात दहा आकडे मोजा. आठव्या-नवव्याला माणूस बोलतो, आणि बहुधा तेच खरं असतं.

पण सगळीकडं कोचिंगचा घाट घालू नका. प्रॉडक्शन लाइन बंद पडली आहे, ग्राहक फोनवर ओरडतोय आणि तुम्ही ‘तुला काय वाटतं?’ विचारत बसलात तर पोरं तुम्हाला वेड्यात काढतील, आणि बरोबर करतील. आग लागली की बादली उचलायची. नव्यानं लागलेल्या मुलाला गिट या कोड सांभाळायच्या साधनाच्या कमांड विचारून कोड्यात टाकण्यातही अर्थ नाही, सरळ सांगा. माहितीची उणीव असेल तिथं शिकवा, धैर्याची किंवा विचारांची गुंतागुंत असेल तिथं विचारा.

प्रमाणपत्रांबद्दल फार बोलत नाही. स्क्रम मास्टरच्या परीक्षा सोप्या आहेत. स्क्रम डॉट ऑर्ग या संस्थेच्या पहिल्या पातळीत 80 प्रश्न, 60 मिनिटं आणि पास व्हायला 85 टक्के. आठवडाभर नीट वाचलं तर होते. तिनं नोकरीच्या अर्जाची चाळणी पार होते, टीमसमोर उभं राहता येत नाही. कोच व्हायचं असेल तर त्याहून जास्त उपयोग मला एका अनुभवी माणसासोबत वर्षभर फिरण्याचा आणि माणसांशी बोलण्याचं रीतसर प्रशिक्षण घेण्याचा झाला.

नोकरीच्या भरवशाबद्दल मात्र डोळे उघडे ठेवा. 2023 च्या जानेवारीत अमेरिकेच्या कॅपिटल वन या बँकेनं अ‍ॅजाइलच्या कामासाठीच असलेली साधारण 1,100 पदं एका फटक्यात काढून टाकली आणि ते काम इंजिनीअर आणि प्रॉडक्ट मॅनेजर यांच्या अंगावर टाकलं. त्याच वर्षी मोठ्या कंपन्यांत चालणाऱ्या सेफ या चौकटीनं आपल्या सहाव्या आवृत्तीत स्क्रम मास्टरच्या नावाला ‘टीम कोच’ जोडलं. म्हणजे एकीकडं पदं जातायत आणि दुसरीकडं नावं एकमेकांत मिसळतायत. ज्याच्याकडं फक्त मीटिंग घेण्याचं काम आहे, त्याची जागा पहिली जाते. तुम्ही टेस्टिंग, डिप्लॉयमेंट, हार्डवेअरच्या खरेदीला लागणारे आठवडे, प्लँटचा हिशेब यांतलं काही एक मुळापासून समजून घेतलंत, तर पदाचं नाव गेलं तरी तुम्ही राहता. वाळूज-चिकलठाण्यात तुम्हाला यात एक सोय आहे, जी निव्वळ सॉफ्टवेअरवाल्यांना नाही. इथल्या शॉप फ्लोअरवर कानबान, कायझेन, सकाळची उभ्यानं होणारी मीटिंग हे सगळं सॉफ्टवेअरवाल्यांच्या कितीतरी आधीपासून रुजलेलं आहे. निवृत्तीला आलेल्या एखाद्या प्रॉडक्शन सुपरवायझरसोबत कामगार चौकात चहा प्या. रांग, थांबणं आणि अर्धवट माल या तिन्हींबद्दल तो तुम्हाला कुठल्याही कोर्सपेक्षा जास्त सांगेल.

आता तुमच्या अर्जाचं. साहेबांनी ‘तीन टीमसाठी तेच काम’ असं म्हटलंय, याचा अर्थ त्यांच्या डोक्यात टँकरच्या फेऱ्या वाढवायच्या आहेत. तसं असेल तर ती कोचची जागाच नाही, एका माणसाच्या अंगावर तीन स्क्रम मास्टर घातलेले आहेत. आठ-आठ माणसांच्या तीन टीम, प्रत्येकीच्या दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमधलं प्लॅनिंग, रिव्ह्यू, रेट्रो, शिवाय रोजचे अडथळे. हिशेब करा, उरलेल्या वेळात प्लँट हेडशी बोलायला तुम्हाला अर्धा तासही मिळणार नाही. आणि तुमची आत्ताची टीम कोण सांभाळणार हा प्रश्न आहेच.

मुलाखतीला गेलात तर त्यांचे प्रश्न झाल्यावर तुम्ही तीन विचारा. मी कुणाला रिपोर्ट करणार : ज्यांच्या टीमना मदत करायची त्याच मॅनेजरांना, की त्यांच्या वरच्यांना? गेल्या वर्षभरात प्रत्येक टीमच्या रेट्रोत पुन्हा पुन्हा आलेली अडचण कुठली, आणि ती आजवर कुणाच्या टेबलावर अडली? ही जागा केव्हा संपणार? पहिल्या दोन प्रश्नांना ते किती वेळ घेतात ते पाहा. उत्तर लगेच आलं तर कुणीतरी खरंच विचार केलेला आहे, अर्ज करा. तिसऱ्यावर ते चमकतील, कारण नोकरी मागायला आलेला माणूस नोकरी संपण्याची तारीख विचारत नाही. त्यांनी ‘दीड-दोन वर्षांत स्क्रम मास्टरच हे करू लागले पाहिजेत’ असं काही म्हटलं तर मी तुमच्या जागी असतो तर गेलो असतो. ‘छे, ही कायमची जागा आहे, निश्चिंत राहा’ असं म्हणाले, तर पगार वाढवून मागा आणि कार्डावर स्क्रम मास्टरच छापून घ्या.